दुखवट्याच्या घरातला भोपळा

दि. ४ नोव्हेंबर २०२०
विश्रामबाग, सांगली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात सोमवारी एक पत्र प्रसिद्ध झाले. महामारीने घरोघरी दुःख पसरलेले असताना काही सुशिक्षित कुटुंबांनी ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोविन’ नावाचा परदेशी भुतांचा सण साजरा केला, हे उथळपणाचे आणि असंवेदनशीलतेचे लक्षण आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांनी कोणाचेही नाव घेतलेले नाही आणि त्यांचा रोख आमच्याकडे होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्या घरांनी हे केले त्यांपैकी एक घर आमचे आहे, आणि आमच्याच घरातून सप्टेंबर महिन्यात कोरोनाने एक माणूस नेलेला आहे. म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. ते नेहमीपेक्षा लांबले तर आपण सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आमचे कुटुंब एकत्र आहे. मी, माझे पती, मुलगा, सून, बारा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू आणि माझ्या जाऊबाई असे आम्ही सात जण एका छताखाली राहतो. आठवे होते माझे थोरले दीर. सगळे घर त्यांना आबा म्हणत असे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ताप आला, तिसऱ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ८८ दिसले, आणि सांगली-मिरज मिळून कोठे एखादी खाट आहे का, हे फोनवर विचारण्यात माझ्या मुलाची अख्खी दुपार गेली. ते दिवस कसे होते हे या जिल्ह्यातील वाचकांना मी सांगायला नको. संध्याकाळी रुग्णवाहिका आली. नखशिखांत पांढरे आवरण घातलेली, डोळ्यांवर मोठे चष्मे आणि हातांत मोजे असलेली दोन माणसे फाटकाशी येऊन उभी राहिली. आबा स्वतःच्या पायांनी चालत गेले, चप्पल घालताना क्षणभर भिंतीला टेकले आणि गाडीत जाऊन बसले. आम्ही सगळे आपापल्या खोल्यांत दारे लावून होतो. हे सारे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो एकटा माझा नातू होता, खिडकीच्या गजांना धरून उभा असलेला.

सहाव्या दिवशी पहाटे फोन आला. पितृपंधरवडा चालू होता. घरात फक्त मुलाची चाचणी निगेटिव्ह आलेली असल्याने मिरजेच्या स्मशानभूमीत तो एकटा गेला आणि त्यालाही लांब उभे राहावे लागले. जाऊबाईंना पतीचे शेवटचे दर्शन मिळाले नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार एका बंद दारामागे संपला.

मयताच्या घराविषयी आपल्याकडे जे रिवाज आहेत, त्यांच्याकडे मी या काळात नव्या नजरेने पाहिले. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, पण शेजारच्या चार घरांतून पिठले-भाकरी येते. माणसे समाचाराला येतात, तीच ती हकिगत पुन्हापुन्हा विचारतात, आणि ती दहा वेळा सांगता सांगता घरच्यांच्या मनावरचा भार थोडाथोडा उतरत जातो. वर्षभर सण करायचा नसतो, पण पहिल्या दिवाळीला नातलग फराळाचे डबे घेऊन दुखवट्याच्या घरी येतात आणि घरातल्यांच्या तोंडात आपल्या हाताने पहिला घास घालतात. म्हणजे आपल्या चालीरीतींना दोन बाजू आहेत. एका बाजूने त्या दुःखी घराला सणापासून दूर ठेवतात आणि दुसऱ्या बाजूने त्याच घरात माणसे पाठवतात. या साथीने दुसरी बाजू पूर्ण कापून टाकली. आमच्या फाटकाला फलक लागला, चौदा दिवस कोणी आत आले नाही, आणि पुढे फलक निघाला तरी भीती निघाली नाही. यात मी कोणालाही दोष देत नाही. गल्लीतील लोकांनी रोज सकाळी दूध आणि भाजी कट्ट्यावर आणून ठेवली, आणि त्यांचे हे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. परंतु समाचाराला कोणी आले नाही, हकिगत कोणाला सांगता आली नाही, आणि सण न करण्याचा नियम मात्र जसाच्या तसा उरला.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा गावभागातील माझ्या माहेरची अकरा माणसे आमच्या घरी नऊ दिवस राहिली, रात्री दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसे, आणि त्या गर्दीत मुलांना पुराची भीती अशी वाटलीच नाही. महापुरात माणसे माणसांकडे धावून जाऊ शकली. या साथीत तेच करता आले नाही, आणि याचा सर्वांत मोठा परिणाम लहान मुलांवर झाला आहे, असे माझे चौतीस वर्षांच्या अध्यापनानंतरचे स्पष्ट मत आहे. मार्चपासून शाळा बंद आहेत. मुले खिडकीतून जग पाहत आहेत, मोठ्यांची अर्धवट बोलणी कानांवर घेत आहेत, आणि जे कळले नाही ते मनात साठवून ठेवत आहेत.

माझा नातू आबांबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. रात्री दिवा मालवू देत नव्हता. औषधफवारणीसाठी पांढरे कपडे घातलेला महापालिकेचा कर्मचारी गल्लीत दिसला की तो माडीवरच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसे. चित्रकलेच्या वहीत त्याने चेहरा नसलेली, पांढरी, उंच माणसे पानोपानी काढली होती. आबा देवाघरी गेले, असे आम्ही त्याला सांगितले होते. त्यावर त्याने एकदाच विचारले, “मग ती गाडी देवाघरची होती का?” आणि आम्ही चार मोठी माणसे समोर असून कोणी उत्तर दिले नाही. शिक्षिका म्हणून आणि आजी म्हणून मला त्या गप्प बसण्याची आजही खंत वाटते.

आता हॅलोविनकडे येते. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिची दोन मुले तेथेच जन्मलेली आहेत आणि त्यांच्यासाठी ३१ ऑक्टोबर हा आपल्या मुलांच्या दिवाळीइतकाच मोठा दिवस असतो. वेश पालटून, हातात पिशवी घेऊन, संध्याकाळी घरोघरी जायचे आणि खाऊ मागायचा, असा तेथील रिवाज आहे. यंदा अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, सप्टेंबरमध्येच या सणासाठी सूचना जाहीर केल्या. दारोदार फिरून खाऊ मागणे आणि बंद जागेत गर्दीची मेजवानी करणे यांना जास्त धोक्याचे ठरवले. खाऊची वेगवेगळी पाकिटे करून अंगणाच्या कडेला मांडून ठेवणे, जेणेकरून मुलाने लांबूनच एक उचलावे, हे मध्यम धोक्याचे. घरच्या माणसांबरोबर भोपळा कोरणे, घर सजवणे, एकत्र बसून चित्रपट पाहणे, दूरच्या आप्तांना पडद्यावर वेश दाखवणे हे सर्वांत कमी धोक्याचे. पाकिटे भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर वीस सेकंद साबणाने हात धुवावेत, वेशाचा मुखवटा हा कापडी मास्कला पर्याय समजू नये, आणि कापडी मास्कवर तो चढवूही नये, कारण त्याने श्वास कोंडू शकतो, इतक्या बारकाव्याने ते लिहिलेले होते. माझ्या जावयांनी पायऱ्यांच्या कठड्याला सहा फूट लांबीचा प्लास्टिकचा पाइप बांधला. वरून खाऊ सोडायचा आणि खाली मुलाने पिशवी धरायची. असे पाइप यंदा तेथे अनेक घरांनी बांधले होते. तिकडेही लाखो घरांत माणसे गेलेली आहेत. तरीही मुलांचा दिवस रद्द न करता त्याला धोक्यातून बाहेर कसे काढता येईल, याचा विचार एका सरकारी आरोग्य संस्थेने केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

पत्रलेखकांचा मुख्य आक्षेप हा सण परदेशी असल्याचा आहे. तो परदेशी आहे, यात वाद नाही. त्याचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडील प्राचीन सुगीच्या सणात आहे. पिके घरात आली, दिवस लहान होऊ लागले, हिवाळा दाराशी आला, की त्या संधिकालाच्या रात्री मृतांचे आणि जिवंतांचे जग जवळ येते, असा तेथील लोकांचा समज होता. पुढे ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस ठरवला, आणि संतदिनाची पूर्वसंध्या म्हणून ३१ ऑक्टोबरला हॅलोविन हे नाव पडले. आपल्याकडे वसईचे कॅथलिक लोकही २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गोरगरीब आणि मुले या दिवसांत दारोदार जात, आणि घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात त्यांना एक लहानसा गोड पाव मिळे. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात निखारा किंवा दिवा ठेवत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसे देशोधडीला लागून अमेरिकेत गेली, तेथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा भोपळा मिळाला, आणि आज सगळीकडे दिसणाऱ्या कोरलेल्या भोपळ्याचा रिवाज असा पसरला.

हे वाचताना मला सर्वपित्री अमावास्येचे पान आठवले, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून लावलेला दिवा आठवला, आणि आमच्या नातीला तिचा हादगा आठवला. भोंडल्याला आमच्या भागात हादगा म्हणतात, हे इतर जिल्ह्यांतील वाचकांना माहीत असेलच. रोज एकेका घरी जायचे, फेर धरायचा, गाणी म्हणायची, डबा हलवून खिरापत ओळखायची, आणि ती खाऊन पुढच्या घरी जायचे. यंदा तो कोठेच झाला नाही. हॅलोविन आणि आपले हे सण एकच आहेत असे मी मुळीच म्हणत नाही, कारण तसे ते नाहीत. पण गेलेल्या माणसांसाठी दिवा लावणे आणि मुलांनी दारोदार जाऊन हक्काचा खाऊ घेणे, या दोन्ही गोष्टी आपल्या माणसाला परक्या नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यंदा कोजागरी ३० ऑक्टोबरला होती. पौर्णिमा ३१ तारखेला रात्री सव्वाआठच्या सुमारास संपली, त्यामुळे आपली कोजागरी आणि त्यांचा हॅलोविन लागोपाठच्या रात्री, एकाच पूर्ण चंद्राखाली आले. कोजागरीला गच्चीवर आटीव दूध आणि आबांच्या भुतांच्या गोष्टी हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा क्रम होता. मुंजा, वेताळ, वाट चुकवणारा चकवा, नदीत पाय ओढणारा गिऱ्हा ही सगळी मंडळी आबांच्या ओळखीची असत, आणि गल्लीतील वीस-पंचवीस मुले अंगावर शाली ओढून त्यांच्याभोवती बसत. परवा आम्ही सात जण दूध घेऊन वर गेलो, कोणी काही बोलले नाही, आणि अर्ध्या तासात खाली आलो. जाऊबाई तर पेला तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात म्हणाली की तिकडची भावंडे आज वेश करणार आहेत आणि रात्री फोनवर सर्वांनी वेश करून भेटायचे ठरले आहे. सुनेने जाऊबाईंकडे पाहिले. दुखवट्याच्या घरात विचारायचे तरी कसे, असा तो प्रश्न होता. जाऊबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “हातगाडीवाला आला की एक तांबडा भोपळा घ्या. ह्यांना भुतांचं वेड होतं. पोरांना करू द्या काय करायचंय ते.” हा होकार घरातील ज्या व्यक्तीने द्यायचा होता तिनेच दिला, हे मी येथे मुद्दाम नमूद करते.

भोपळ्याचा वरचा भाग माझ्या मुलाने सुरीने टोपीसारखा कापला. आतला गर पळीने खरवडून काढला, बिया धुऊन उन्हात टाकल्या, आणि गर गुळात शिजवून सुनेने दुपारी घारगे केले. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी कोरता कोरता मुलांना सांगितली, कारण भोपळा म्हटले की मराठी मुलाला आधी तीच आठवली पाहिजे. डोळे, नाक, दात कोरायला पाऊण तास लागला. आपला भोपळा त्यांच्यापेक्षा चपटा असतो आणि त्याची साल कठीण असते, त्यामुळे तोंड थोडे वाकडे झाले.

मग मुलांनी कोण काय होणार हे सांगितले. नात हडळ झाली. नातू म्हणाला, “मी पांढरा माणूस होणार.”

सुनेच्या हातातील काम थांबले. मला वाटले, त्याला समजवावे, दुसरे काही सुचवावे. माझे पती म्हणाले, होऊ दे. जुन्या चादरीचा झगा शिवला गेला, त्याला टोपी लावली, स्कूटर चालवताना घालायचा चष्मा आणि भांडी घासायचे मोजे मिळाले. संध्याकाळी तो जिन्यावरून खाली आला आणि दिवाणावर बसलेल्या जाऊबाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, “मी गाडीतला माणूस आहे. आज गाडीत आबांच्या शेजारी कुणीतरी बसलं तर चालतंय.”

जाऊबाई सरकल्या आणि आपल्या शेजारी त्यांनी जागा केली. एक जण बसेल एवढी. मग त्याला म्हणाल्या, “मला त्या दिवशी बसू दिलं नव्हतं रे.” आणि दीड महिन्यात प्रथमच त्या आमच्या देखत मोकळ्या रडल्या.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. नातवाने एकामागून एक प्रश्न विचारले. आबांना दुखले का, त्यांना कोणी पाणी दिले का, त्यांना जाळताना कोण होते, ती माणसे त्यांना का घेऊन गेली. त्या दिवशी आम्ही देवाघर मध्ये आणले नाही. माझ्या मुलाने स्मशानभूमीत काय पाहिले ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. कर्मचाऱ्यांनी आबांना नीट उचलले, हात जोडले आणि मगच अग्नी दिला, हे आम्ही मोठ्यांनीही तेव्हाच प्रथम ऐकले. मी माझ्या दारामागून जे ऐकले होते ते सांगितले. त्या दोघांपैकी एक जण आबांना “काका, सावकाश” असे म्हणाला होता, आणि दुसऱ्याने तहान लागल्याचे म्हटले होते, पण त्याला मास्क काढता येत नव्हता म्हणून तो तसाच गेला. नातवाने चष्मा वर केला. झग्यात तो स्वतः घामाने भिजला होता. “आत माणूस असतो,” असे तो हळूच म्हणाला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

भोपळ्यातील पणती जाऊबाईंनी लावली. भोपळा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर घारग्यांची चार पाकिटे मांडली, समोरच्या आणि शेजारच्या घरांतील चार मुलांसाठी. मुले मास्क लावून एकेक करून आली, पाकीट उचलून गेली, आणि आमची दोघे गच्चीतून त्यांना हात करत होती. यात गर्दी झाली नाही, गोंगाट झाला नाही, कोणाच्या घरी कोणी गेले नाही. रात्री आठला न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा वाजले होते. पडद्यावर तिकडची दोघे आणि इकडची दोघे बराच वेळ एकमेकांना घाबरवत राहिली. फोन झाल्यावर सर्व जण पुन्हा गच्चीवर गेले, आणि जाऊबाईंनी गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आजवर फक्त ऐकली होती, सांगितली कधीच नव्हती. मध्ये दोनदा त्या अडल्या, आणि दोन्ही वेळा नातवाने पुढचे वाक्य आबांच्या आवाजात सांगितले. त्या रात्री त्याने दिवा स्वतः मालवला.

दुसऱ्या दिवशी एका परिचित भगिनींनी, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, मला फोनवर विचारले की सुतक फिटून महिना झाला म्हणून दुखवट्याच्या घरात भुतांचा सण करायचा का. त्यांचा प्रश्न दुष्ट हेतूने नव्हता. सोमवारच्या पत्रामागेही गेलेल्या माणसांविषयीचा आदरच असावा, असे मी मानते. म्हणून दोघांनाही माझे एकच उत्तर आहे. आमच्या घरात त्या संध्याकाळी जे झाले ते करमणुकीसाठी झाले नाही. समाचाराला कोणी येऊ न शकल्यामुळे जे बोलणे आमच्या घरात व्हायचे राहून गेले होते, ते एका मुलाच्या सोंगामुळे झाले. आपल्याकडे सोंगाची परंपरा काही लहान नाही. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि देवांबरोबर राक्षसही रंगभूमीवर आणले, त्या गावाला वेश घेतल्यावर माणसाला काय बोलता येते हे वेगळे सांगायची गरज नसावी. मोठ्या माणसाला दुःख सांगायला शब्द असतात. सात वर्षांच्या मुलाजवळ चादरीचा झगा असतो.

साथीत सण बदलावे लागतात, हे आपण या वर्षी पुरते शिकलो आहोत. आषाढीला पालख्या पायी गेल्या नाहीत, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या. गणपतीची मूर्ती घरात दोन फुटांची आणि मंडळात चार फुटांची झाली. देवळे अजून बंद आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतही अमेरिकेतील काही शहरांनी हॅलोविनच्या मेजवान्या थांबवल्या होत्या. त्याच साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माझी आजी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि सातारा जिल्ह्यातील एका लहान गावात राहत होती. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. तिच्या घरात आई आणि धाकटा भाऊ असे दोघे आठ दिवसांत गेले होते. गावात कोणाच्याच दारात पणती नव्हती, असे ती सांगे. पुढे ती एक गोष्ट नेहमी जोडत असे आणि ती सांगताना तिचा आवाज बदलत असे. तिच्या भावाचे नाव घरात पुढे कोणी घेतलेच नाही. बोलायचे नाही, रडायचे नाही, मुलींनी तर नाहीच. ऐंशीव्या वर्षी ती मला त्याचे नाव सांगून रडली. मला तेव्हा वाटले होते की म्हातारपणामुळे असेल. आता तसे वाटत नाही.

आता दिवाळी दहा दिवसांवर आली आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. १२ तारखेला वसुबारस, १४ ला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन, १६ ला पाडवा आणि भाऊबीज. या जिल्ह्यात यंदा असंख्य घरांची दिवाळी दुखवट्याची आहे. त्या घरांत फराळ होणार नाही, आणि भीतीमुळे कोणी फराळ घेऊन जाणारही नाही. काही घरांत नवरा-बायको दोघांपैकी एकच उरले आहे आणि मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात अडकलेली आहेत. अशा घरांतील दिवाळीचे चार दिवस कसे जातील, याची मला आत्तापासून काळजी वाटते.

तेव्हा माझी आपल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे की, जे न्यू जर्सीतील पालकांनी मुलांच्या खाऊसाठी केले आणि जे आमच्या कट्ट्यावर चार घारग्यांच्या पाकिटांनी झाले, तेच आपण दुखवट्याच्या घरांसाठी करावे. हात धुऊन चिवडा, शेव, शंकरपाळे असे कोरडे पदार्थ एका बंद पाकिटात भरावेत. आधी फोन करावा. पाकीट फाटकाबाहेर किंवा कट्ट्यावर ठेवावे, मास्क न काढता चार पावले मागे उभे राहावे आणि घरच्यांना दारात बोलवावे. हाताला सॅनिटायझर लावलेले असेल तर पणतीजवळ जाऊ नये, तो चटकन पेट घेतो. आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन काहीतरी बोलावे. “आबा असते तर” एवढे वाक्यसुद्धा पुरते. त्या घरात लहान मूल असेल तर त्याच्याशी वेगळे, थोडे जास्त बोलावे, आणि त्याने काही विचारले तर खरे सांगावे. दुखवट्याच्या घरी दिवाळीचे काही नेले तर अपशकुन होतो, अशी शंका कोणाच्या मनात असेल तर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. नेण्याचीच पद्धत आहे.

आपले दैनिक जिल्ह्यात गावोगाव जाते. सोमवारच्या पत्राला उत्तर म्हणून हे पत्र छापण्यास जागा नसेल तर पहिला सगळा भाग गाळावा, पण हे शेवटचे दोन परिच्छेद वसुबारसेच्या आधी प्रसिद्ध करावेत. आमचे स्वतःचे घरही त्या घरांपैकीच एक आहे. ज्यांना जाऊबाईंना भेटायचे आहे आणि भीतीमुळे आजवर येता आलेले नाही, त्यांनी पाडव्याला सकाळी यावे आणि फाटकाबाहेरून हाक मारावी. त्या गच्चीत येऊन बोलतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली